दर अर्ध्या तासाला थर्मामीटर लावताय? जरा थांबा

प्रश्न: माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, वजन 14 किलो. परवा संध्याकाळपासून ताप आहे, नाक वाहतंय, थोडा खोकलाही आहे. ताप 102-103 पर्यंत जातो, पॅरासिटामॉल दिलं की 101 पर्यंत येतो आणि चार-पाच तासांनी परत चढतो. 98.6 काही होतच नाही. सासूबाई म्हणतात जाड पांघरुणात गुंडाळून ठेव, घाम फुटला की उतरेल. नवरा म्हणतो बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवू. जाऊबाई म्हणतात त्यांच्याकडचं सिरप जास्त स्ट्राँग आहे, त्यातलं एक चमचा दे. मी दोन रात्री जागी आहे, दर अर्ध्या तासाला मोजते. ताप मेंदूत गेला तर काय, या भीतीने डोळाच लागत नाही. डॉक्टरकडे कधी न्यायचं? आणि नर्सरीत परत कधी पाठवू?
– एक जागी आई

उत्तर:

ताई, आधी मीच तुम्हाला एक विचारते. औषध देऊन तासभर झाला, ताप 101 वर आला, तेव्हा पोरगं काय करतं? उठून बसतं का, पाणी मागतं का, खेळण्यावरून रुसतं का, तुम्ही थर्मामीटर काढलात की पळतं का? की तेव्हाही नुसतं पडून असतं आणि हाक मारली तरी धड बघत नाही? तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत पण मुलगा कसा आहे याबद्दल एक ओळ नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती एक ओळ सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त हवी होती. ताप उतरल्यावर खेळणारं, चिडणारं, घोट घोट का होईना पाणी पिणारं मूल 103 ताप असला तरी बहुतेक वेळा घरी सांभाळता येतं. आणि 100.5 च ताप आहे पण मूल मलूल, गळून गेलंय, डोळे उघडत नाही, तर आकडा लहान आहे म्हणून घरी बसायचं नाही, सरळ उठायचं आणि जायचं.

आता मेंदूत ताप जाण्याबद्दल, कारण झोप त्यानेच उडवलीय तुमची. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे, शरीराचं तापमान किती ठेवायचं ते तो ठरवतो, अगदी एसीच्या रिमोटवर आपण आकडा सेट करतो तसं. जंतू शरीरात शिरले की पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि हा सेट केलेला आकडा वर जातो, समजा 98.6 चा 103. झालं, आता शरीराला वाटतं की आपण थंड पडलोय. म्हणून हातपाय गार पडतात, रक्त कातडीकडून आत वळतं, हुडहुडी भरते, दात वाजतात, आणि अंग तापायला लागतं. म्हणजे ताप चढताना हातपाय गार आणि डोकं-पोट गरम असतं ते यामुळेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग औषधाने किंवा आपोआप आकडा खाली आला की शरीराला उलटं वाटतं, अरे आपण फार गरम झालोय, आणि मग घाम फुटतो.

म्हणजे ताप हा बिघाड नाहीये, शरीराने मुद्दाम वाढवलेली उष्णता आहे, आणि मुद्दाम वाढवलेली असल्यामुळे तिला वरून लगाम असतो. साध्या इन्फेक्शनचा ताप 105-106 च्या पुढे सहसा जातच नाही, आणि नुसत्या उष्णतेने मेंदूला इजा होण्याची भीती साधारण 107.6 च्या वर, म्हणजे 42 सेल्सियसच्या पुढे असते. तुमच्या पोराचा 103 तिथून बराच लांब आहे. उष्माघात ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट, हे दोन्ही लोक फार एकत्र करतात. भर उन्हात किंवा बंद गाडीत मूल अडकलं तर तिथे सेटिंग बदललेलं नसतं, शरीराला उष्णता बाहेरच टाकता येत नाही, आकडा कुठवरही जाऊ शकतो, तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग शून्य आणि लगेच अंग थंड करत हॉस्पिटल गाठणं हाच इलाज. मेंदूज्वरातही मेंदूला इजा होते, पण ती जंतूंमुळे होते, थर्मामीटरमधल्या आकड्यामुळे नाही. तुम्ही ऐकलेल्या "ताप डोक्यात गेला" वाल्या गोष्टींमागे बऱ्याचदा हेच काहीतरी असतं.

राहिले झटके. तापात आकडी येणं हे सहा महिने ते पाच वर्षं या वयात, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना होतं. बघायला भयंकर, डोळे वर जातात, अंग कडक होतं, हातपाय झटकतात, बघणाऱ्याला वाटतं की मूल गेलंच. पण बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात आणि त्याने मेंदूला कायमचं काही होत नाही. आलीच तर मुलाला जमिनीवर कुशीवर झोपवा, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध, काही म्हणजे काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटं उलटून गेली तरी चालूच असेल तर अँब्युलन्स बोलवा, आणि थांबली तरी पहिल्यांदाच आली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. आणि हे ऐकून तुम्हाला विचित्र वाटेल, पण तापाचं औषध वेळेवर देऊन आकडी टाळता येते असं बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. म्हणजे "आकडी येऊ नये म्हणून" रात्री झोपलेल्या मुलाला उठवून डोस पाजायची गरज नाही. झोपलाय ना शांत? झोपू दे.

सासूबाई आणि तुमचे मिस्टर, दोघांचीही पंचाईत करणार आहे मी आता. जाड पांघरुणात गुंडाळलं की उष्णता बाहेर पडत नाही, आकडा अजून वर जातो, आणि घाम आल्यामुळे ताप उतरतो असं नसतं, ताप उतरायला लागला म्हणून घाम येतो. बर्फाच्या पाण्याने उलटंच होतं, कातडी गार पडते पण मेंदूतलं सेटिंग अजून 103 वरच आहे, मग शरीर आणखी जोरात कुडकुडतं, आकडा परत तिथेच, आणि पोरगं बिचारं रडून रडून अर्धमेलं. स्पिरिटने अंग पुसणं तर अजिबातच नको, कातडीतून आणि श्वासातून ते आत जातं, लहान मुलाला ते विषच. कोमट पाण्याने अंग पुसल्यावर त्याला स्वतःला बरं वाटत असेल तर खुशाल पुसा, पण तो अंग चोरत असेल, थरथरत असेल तर बंद करा, त्याने ताप फारसा उतरत नाही, उतरलाच तर थोडा वेळ. हुडहुडी भरली असेल तेव्हा एक पातळ पांघरूण द्या, हुडहुडी थांबली की काढा, एक थर सैल सुती कपडा, खोली हवेशीर. एवढंच. वाद मिटवायचा असेल तर सासूबाईंना हुडहुडीतल्या पांघरुणाचं काम द्या आणि मिस्टरांना पाणी पाजायचं.

मोजण्याबद्दल. दर अर्ध्या तासाला मोजून काय मिळतं हो? औषधाचा परिणाम दिसायलाच अर्धा ते एक तास लागतो. दिवसातून तीन-चार वेळा, किंवा अंग जास्त तापलंय किंवा मूल वेगळं वागतंय असं वाटलं तर मोजा, बास. काखेत मोजत असाल तर आधी काख कोरड्या कपड्याने पुसा, थर्मामीटरचं टोक काखेच्या अगदी मध्यात, कपड्याला न लागता कातडीला चिकटून पाहिजे, मग हात छातीशी दाबून धरा आणि बीप होईपर्यंत धरूनच ठेवा. तीन वर्षांचं पोर हात हलवतंच, म्हणून मांडीवर पाठमोरं बसवून मागून मिठी मारली की जमतं. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक डिग्री फॅरेनहाइट कमी येतो, पण त्यात बेरीज-वजाबाकी करत बसू नका, डॉक्टरला फक्त "काखेत इतका" असं सांगा, ते समजतात. कपाळावर धरायची गन असेल तर घाम पुसून, आणि उन्हातून आत आल्या आल्या नाही. पाऱ्याचं जुनं थर्मामीटर घरात पडून असेल तर वापरू नका, फुटलं की पारा गोळा करणं म्हणजे वेगळंच दुखणं.

आणि ते 98.6. हा आकडा 1868 च्या सुमारास कार्ल वुंडरलिच या जर्मन डॉक्टरने हजारो रुग्णांच्या काखेत मोजून रूढ केला आणि तेव्हापासून तो आपल्या डोक्यात असा बसलाय की 99.1 आला तरी घरात चेहरे पडतात. प्रत्यक्षात निरोगी माणसाचं तापमानही दिवसभर खालीवर होतं, पहाटे सगळ्यात कमी, संध्याकाळी सगळ्यात जास्त. म्हणून ताप बहुतेक वेळा संध्याकाळनंतर वाढतो आणि आई-बापांची रात्र जाते. ताप म्हणायचा तो साधारण 100.4 पासून पुढे, म्हणजे 38 सेल्सियस. आणि औषधाने ताप उतरतो तो दोन-तीन डिग्री, 103 चा 101 झाला म्हणजे औषधाने आपलं काम चोख केलं. ते जंतूंना मारत नाही, फक्त थोड्या वेळासाठी सेटिंग खाली आणतं, असर संपला की ताप परत चढणारच, जोवर मूळ आजार आहे तोवर. त्यामुळे "औषध लागू पडत नाही" असं समजून चार तास व्हायच्या आत पुढचा डोस द्यायचा नाही.

आता जाऊबाईंचं स्ट्राँग सिरप. इथे जरा नीट वाचा, कारण या सगळ्या पत्रात मला खरी भीती वाटली ती याच वाक्याची, 103 ची नाही. पॅरासिटामॉलचा डोस वयावर किंवा चमच्यावर नसतो, वजनावर असतो, एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. तुमचा मुलगा 14 किलो, म्हणजे एका वेळी 140 ते 210 मिलिग्रॅम. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 5 मिलीमध्ये किती औषध. कुठल्या बाटलीत 120 किंवा 125 मिलिग्रॅम, कुठल्या बाटलीत 250. रंग सारखाच, वास सारखाच, कधी कधी नावही तेच. 120 वाल्या बाटलीतून तुमच्या मुलाला साधारण 6 ते 8 मिली लागेल, आणि 250 वाल्यातून फक्त 3 ते 4 मिली. तेव्हा "एक चमचा" म्हणजे नेमकं काय? पहिल्या बाटलीचा एक चमचा त्याला कमी पडतो आणि दुसऱ्या बाटलीचा जास्त होतो, आणि स्वयंपाकघरातला चमचा असेल तर त्यात किती मावतं देव जाणे. बाळांचे ड्रॉप्स तर त्याहून कितीतरी स्ट्राँग असतात, ते सिरपसारखे मोजून पाजले तर काय होईल विचार करा. म्हणून बाटलीसोबत आलेलं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज, आकडा डोळ्यांच्या पातळीत धरून मोजा. दोन डोसमध्ये चार ते सहा तास, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. फ्रिजवर एक कागद चिकटवा, वेळ आणि किती मिली, कोणी दिलं. घरात तीन-चार मोठी माणसं असली की "मला वाटलं तू दिलं नाहीस" या एका वाक्यापायी डबल डोस जातात आणि पॅरासिटामॉल जास्त झालं तर लिव्हरवर बसतं, तेही सुरुवातीला काही न दाखवता. चुकून जास्त गेलंच तर उलटी-बिलटी व्हायची वाट न बघता लगेच हॉस्पिटल. सर्दी-खोकल्याच्या कित्येक सिरपमध्ये आधीच पॅरासिटामॉल घातलेलं असतं हेही बघा, लेबल वाचल्याशिवाय दोन बाटल्या एकत्र चालवू नका.

आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, विशेषतः मूल पाणी कमी पितंय किंवा उलट्या-जुलाब चालू आहेत तेव्हा (किडनीवर ताण येतो), कांजिण्या असतील तर, किंवा डेंग्यूची शंका असेल तर (रक्तस्राव होऊ शकतो). ऍस्पिरिन मुलांना नाहीच, त्यातून रे सिंड्रोम नावाचा दुर्मिळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक तर विसराच, नाक वाहतंय खोकला आहे म्हणजे बहुधा व्हायरसचा ताप आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही.

पाणी मात्र मनावर घ्या. तापात शरीराचं सगळं काम जोरात चालतं, श्वास वाढतो, नाडी वाढते, कातडीतून आणि श्वासातून पाणी उडतं. तापलेलं मूल जेवत नाही म्हणून जीव टाकू नका, दोन-तीन दिवस कमी खाल्लं तर काही बिघडत नाही, भूक आपोआप परत येते. पण पेलाभर पाणी एकदम पाजायला जाल तर ओकेल, त्यापेक्षा दर पाच-दहा मिनिटांनी दोन घोट, त्याला आवडेल ते, उलटी-जुलाब असतील तर ओआरएस. शू मोजा, थर्मामीटरपेक्षा ती जास्त सांगते. आठ तासांत एकदाही शू नाही, ओठ-जीभ कोरडी, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, म्हणजे पाणी कमी पडलंय, दाखवायला न्या.

डॉक्टरकडे कधी, तर पाण्याचं वर आलंच, बाकी ऐका. श्वासाकडे बघायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. मूल शांत असताना किंवा झोपेत शर्ट वर करा आणि पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा, पोट किती वेळा वर आलं. एक ते पाच वर्षांच्या मुलात 40 किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे. तापातही श्वास वाढतो म्हणून ताप उतरल्यावर परत मोजा, तरी तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, नाकपुड्या फुलतायत, कण्हतोय, ओठ निळसर वाटतायत तर मोजत बसू नका, निघा. तसंच मान पुढे वाकवत नाही, उजेड सहन होत नाही, सतत उलट्या, उठवून उठत नाही, बोलण्यात भलतंच, किंवा अंगावर लाल-जांभळे ठिपके आलेत जे काचेचा ग्लास दाबून धरला तरी पुसट होत नाहीत, यातलं एक जरी असेल तर रात्रीचे तीन वाजले असले तरी हॉस्पिटल. "सकाळ होऊ दे" नाही.

हे काहीच नसेल तर तुमच्यासारख्या केसमध्ये तीन दिवसांपर्यंत घरी बघायला हरकत नाही, तिसरा दिवस संपला आणि ताप आहेच, तर तो कितीही खेळता असला तरी दाखवून या. ताप जाऊन एक-दोन दिवस बरा आणि मग परत चढला, कान दुखतोय म्हणतो, शू करताना रडतो, तर तीन दिवससुद्धा थांबायचं नाही. तुमच्याकडे मलेरिया-डेंग्यू असेल किंवा नुकतेच तशा भागातून आला असाल तर पहिल्या दिवशीच दाखवा, डॉक्टर रक्त तपासतील. आणि डेंग्यूत एक वेगळी गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, ताप उतरतो आणि धोका तिथून सुरू होतो. ताप उतरल्यावर मूल तरतरीत व्हायला हवं, त्याऐवजी पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, अंग गार आणि गळून गेलंय, तर ताप गेला म्हणून खूश होऊ नका, पळा.

घरात अजून कोणी लहान-मोठं असेल तर त्यांच्यासाठी हिशोब वेगळा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ, ताप 100.4 किंवा वर, एवढ्यावरच लगेच हॉस्पिटल, बाळ हसतंय का खेळतंय ते बघायचं नाही आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषधही नाही. सासूबाईंच्या वयाच्या माणसांत उलट, मोठं इन्फेक्शन असूनही ताप 99-100 च्या वर जात नाही कधी कधी, तिथे अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं, जेवण टाकणं हेच लक्षण समजायचं. गरोदर बाई, किमो चालू असलेला माणूस, यांनी ताप अंगावर काढायचाच नाही.

डॉक्टरकडे जाताना फ्रिजवरचा कागद घेऊन जा. ताप कधी सुरू झाला, सगळ्यात जास्त किती, काखेत की कपाळावर, कुठलं सिरप किती मिली किती वाजता, शेवटची शू कधी, एवढं सांगितलं की त्यांचं अर्धं काम होतं. आणि आज रात्री पाळी लावा हो, बारापर्यंत मिस्टर, मग तुम्ही. मुलाच्या शेजारी झोपलात तरी चालतं, तो कण्हला किंवा वेगळा श्वास घेतला तर जाग येतेच, गजर लावून मोजायची गरज नाही.

नर्सरीत, औषध न देता पूर्ण 24 तास ताप आला नाही आणि तो नेहमीसारखा खायला-खेळायला लागला की पाठवा. सकाळी डोस पाजून पाठवायचं नाही, दुपारी असर उतरतो आणि बाईंचा फोन येतो, तोवर बाकीच्या पोरांनाही प्रसाद मिळालेला असतो. खोकला आठवडा-दोन आठवडे रेंगाळेल, श्वास ठीक असेल तर त्यासाठी घरी बसवून ठेवू नका.